गोमंतकांतील चाळीस दिवस

गोव्यास जाणाऱ्या मंडळींचे सामान्यतः दोन वर्ग असतात. एक देवदर्शनास जाणारांचा. त्यांची मोटार मंगेशी, म्हार्दोळ, नागेशी, शांतादुर्गा अशी फिरून कुलदैवताच्या पायांशीं थांबते. दुसरा मौजेस जाणारांचा. त्यांस समुद्राची वाळू पुरते, आणि माघ-फाल्गुनांत गेलें तर कार्निव्हलहि पाहावयास सांपडतें. ते चार दिवस मोमो राजाचें राज्य असतें. सोंगें, नाच, वाद्यें यांचा रस्तोरस्तीं धुमाकूळ चालतो, आणि मंगळवारीं रात्रीं तें राज्य खालसा होतें. बुधवारीं मौजेकरी मंडळी सामान बांधून परतीची वाट धरतात. त्यामुळें त्या बुधवारापासून गोव्यांत जें सुरू होतें, तें बाहेरच्या फारच थोड्या लोकांच्या दृष्टीस पडतें. तें एकदां पाहावें असा आमचा पुष्कळ दिवसांचा मानस होता. पुण्यास महाविद्यालयांत आमच्याबरोबर शिकलेले एक ख्रिस्ती गृहस्थ साष्टींतील आपल्या गांवीं राहतात. त्यांचें आमंत्रणहि तितकेंच जुनें होतें. शेवटीं योग आला, आणि ५ मार्च २०२५ च्या पहांटे आम्ही उभयतां मडगांवच्या स्टेशनावर उतरलों. यजमानांचें व त्यांच्या गांवाचें नांव येथें मुद्दामच दिलेलें नाहीं. त्याचें कारण पुढें वाचकांच्या ध्यानांत येईल.

त्या दिवसास कोंकणींत ‘गोब्राचो बुधवार’ म्हणतात. गोबर म्हणजे राख. येथून ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ लागतो. त्यास गोव्यांत ‘करेज्म’ हें पोर्तुगीज शब्दावरून आलेलें नांव आहे, वसईचे आपले मराठी ख्रिस्ती बांधव ‘प्रायश्चित्तकाळ’ म्हणतात. गंमत अशी, कीं सूर्याच्या पंचांगावर चालणाऱ्या या लोकांचा सर्वांत मोठा सण मात्र चंद्रावर अवलंबून आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार तो ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा. त्याच्या मागें ४६ दिवस मोजले म्हणजे राखेचा बुधवार येतो. मधले ६ रविवार उपवासाचे धरीत नाहींत, म्हणून उरतात ते ४०. ख्रिस्तानें रानांत अन्नावांचून काढलेले दिवस तितकेच. आपला फाल्गुन व चैत्र यांच्याशीं या काळाची गांठ बहुधा पडतेच. त्या सालीं एकीकडे शिगम्याचे ढोल तापत होते आणि दुसरीकडे चर्चमधील वाद्यें मंदावत होतीं.

सकाळच्या उपासनेस आम्ही यजमानांबरोबर गेलों व मागच्या बांकावर बसलों. वेदीवर एकहि फूल नव्हतें. धर्मगुरूंचें वस्त्र जांभळें होतें. मागील वर्षीं झावळ्यांच्या रविवारीं आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जपून ठेवून, त्याच जाळून ही राख केलेली असते. जयजयकाराच्या झावळ्यांची राख कपाळास लावावयाची, ही कल्पना ज्यास प्रथम सुचली तो मनुष्य मोठा जाणता असला पाहिजे. माणसें रांगेनें पुढें जात, मान लववीत, आणि धर्मगुरु चिमूटभर राख लावून, हा देह मातीचा व मातीसच जाणार, अशा अर्थाचे शब्द प्रत्येकास म्हणत. रांगेंत आमचे यजमान होते. त्यांच्या पुढें त्यांच्याच माडांची सूर काढणारा रेंदेर होता. मागें बँकेंत काम करणारी एक मुलगी, तिच्यामागें मासे विकणारी एक बाई. शेवटीं धर्मगुरूंनींहि मान वांकवून दुसऱ्याच्या हातून राख लावून घेतली. अंगास भस्म लावणें आपल्यास नवें नाहीं. परंतु आपण आरशासमोर आपल्याच बोटांनीं तीन रेघा ओढतों, व त्या सुबक आल्या कीं नाहीं हेंहि पाहतों. येथें राख दुसरा लावतो, आणि ती कशी लागली हें पाहावयास जवळ आरसा नसतो.

यजमानांचें घर जुनें, चौसोपी, पुढें गोव्याच्या पद्धतीचा बल्कांव, म्हणजे बसावयाच्या दगडी बांकांची ओसरी. दोघे भाऊ, त्यांच्या बायका-मुलें व ऐंशी ओलांडलेली त्यांची माय अशी सगळी मंडळी एकाच चुलीवर जेवणारी. घराणें बामणांचें. चारशें वर्षांपूर्वीं धर्म बदलला, परंतु बामणपण तेवढें कोणीं सोडलें नाहीं, असें यजमान स्वतःच हंसून म्हणाले. घरांतील प्रत्येकानें या चाळीस दिवसांसाठीं कांहींतरी सोडलें होतें. थोरल्या सूनबाईंनीं गोड, धाकट्या बंधूंनीं सिगारेट, एका नातवानें मोबाइलवरचे खेळ, आणि मायनें दुपारचा चहा. चहाचे वांचलेले पैसे एका पत्र्याच्या डब्यांत पडत व तो डबा ईस्टरपूर्वीं चर्चच्या धर्मादायांत जाई. विशेष हें, कीं आम्हां पाहुण्यांचा दुपारचा चहा माय रोज स्वतःच्या हातानें करी. सुनांना ती चुलीपाशीं येऊंच देत नसे. चहा उकळूं लागला कीं दोन क्षण त्या वाफेपाशीं उभी राही, मग गाळून कप आमच्यापुढें ठेवी, आणि आपण पाणी पिई. आमच्या सौभाग्यवतीनें पहिल्या दिवशीं संकोचानें चहा नको म्हटला, तेव्हां म्हातारी रागावली. तूं चहा सोडलास तर माझ्या सोडण्यांत काय राहिलें, असा तिचा प्रश्न होता.

चर्चचे आजचे नियम पाहिले तर ते फारसे कडक नाहींत. उपवास म्हणून सक्तीचे दिवस दोनच, राखेचा बुधवार व ख्रिस्ताच्या मरणाचा शुक्रवार. त्या दिवशीं एकदां पोटभर जेवावें व दोनदां थोडेंसें खावें. हें बंधन १८ वर्षांपासून ५९ वर्षांपर्यंतच्यांस. मांसवर्जन मात्र १४ व्या वर्षापासून पुढें सर्वांस. पूर्वीं अशी सवलत नव्हती. रविवार वगळून चाळीसहि दिवस उपवासाचे असत. १९६६ सालीं पोप सहावे पॉल यांनीं जुने निर्बंध सैल केले, आणि अन्नाच्या जोडीस प्रार्थना व दानधर्म यांवर अधिक भर दिला. आमच्या मायला हा बदल फारसा रुचलेला दिसला नाहीं. तिच्या आजीच्या घरांत या दिवसांत भांड्यांचा आवाजसुद्धां हलका होत असे, असें ती सांगे. दुसरी एक पळवाट मात्र जुनीच आहे. मांस वर्ज्य, परंतु मासळी मांसांत मोडत नाहीं! साष्टीच्या किनाऱ्यावर राहणारानें शुक्रवारीं सुरमईच्या तुकडीवर उपवास करावा, यांत किती त्याग झाला हें ज्याचें त्यानें ठरवावें. आम्ही हंसणार होतों. परंतु साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी व वर केळ्याची शिकरण हें आमच्या घरचें एकादशीचें पान डोळ्यांपुढें आलें, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण कोणाच्या घरांत जन्मली हेंहि आठवलें.

याच मुक्कामांत आम्ही राशोलास जाऊन आलों. मराठी माणसानें साष्टींत येऊन राशोल पाहूं नये हें बरें नव्हे. जुआरी नदीच्या कांठीं, लहानशा टेकाडावर, जाड भिंतींचें तें धर्मविद्यालय १७ व्या शतकाच्या आरंभापासून उभें आहे. १५७९ सालीं गोव्यांत उतरलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्यानें आपलें बहुतेक आयुष्य या साष्टींत घालविलें, आणि त्याचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं याच राशोलास छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्या, आणि त्या मराठींत! नवख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पुराणांची चटक होती. पुराण हवें तर हें घ्या, म्हणून या परक्या माणसानें आपल्या देवाची कथा आपल्या ओवींत बसविली. छापली ती रोमन लिपींत. देवनागरी अक्षरांत तें सबंध पुराण मराठी वाचकांच्या हातीं पडण्यास १९५६ साल उजाडावें लागलें, प्रा. बंडेलू यांची ती आवृत्ति पुण्यास निघाली. राशोलच्या थंड ओवरींत उभें असतां, चाळीस दिवसांच्या उपवासाचा तो मूळ प्रसंग आम्ही मनांत पुन्हां चाळून पाहिला. उपवासानें क्षीण झालेल्या ख्रिस्तास सैतान तीन मोह घालतो. धोंड्यांच्या भाकरी कर, हा पहिला. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील व लोक पाहतील, हा दुसरा. जगांतील सर्व राज्यें तुझीं करतों, मला नमस्कार कर, हा तिसरा. पोटाचा मोह तिहींत एकच आहे! उरलेले दोन्ही मानाचे आहेत. आपल्याकडील काय आणि त्यांच्याकडील काय, उपवासाचे सारे नियम मात्र त्या पहिल्यापुरतेच केलेले दिसतात.

दुसऱ्या खेपेस आम्ही ५ एप्रिलला गेलों. दुसऱ्या दिवशीं रविवार, आणि योगायोगानें तीच आमची रामनवमी. त्यांना रविवार उपवासाचा नाहीं, आम्हांस नवमीचा. त्यामुळें चाळीस दिवसांच्या व्रतांतील त्या घरांत त्या दिवशीं उपवास आमचा आणि जेवण त्यांचें, असा उलटा प्रकार झाला. मायनें आम्हांसाठीं रताळीं उकडून ठेविलीं होतीं, आणि राम किती वाजतां जन्मतो हें तिनें दोनदां विचारून घेतलें.

संध्याकाळीं गांवांत ‘पास’ होता. ख्रिस्तानें वधस्थानापर्यंत क्रूस वाहिला, त्या वाटचालीचा हा देखावा. गांवोगांव तो वेगवेगळ्या रविवारीं करतात. चर्चमधील इतर मूर्ती जांभळ्या कापडानें झांकलेल्या होत्या. खांद्यावर क्रूस घेतलेल्या, गुडघा टेकलेल्या ख्रिस्ताची पुरुषभर उंचीची मूर्ति डोलींतून बाहेर निघाली. दुसऱ्या बाजूनें दुःखी मातेची मूर्ति आली. आणि चर्चच्या पटांगणांत दोघांची भेट झाली. तेथें प्रवचन झालें. मग काळा पेहराव केलेली एक मुलगी चौरंगावर चढली आणि ख्रिस्ताचा मुखवटा उमटलेलें वस्त्र हळूहळू उलगडीत लॅटिन भाषेंत गाऊं लागली. ही व्हेरोनिका, वाटेंत ख्रिस्ताचें तोंड पुसणारी बाई. व्हायोलिन व क्लॅरिनेट यांच्या सुरांवर गावयाचीं ‘मोतेत’ नांवाचीं हीं उपवासकाळचीं पदें गोव्यांतील गवयांनीं पिढ्यान्‌पिढ्या जतन केलीं आहेत. अर्थ कळत नसतांहि आमच्या सौभाग्यवतीच्या डोळ्यांस पाणी आलें.

ज्या गोष्टीसाठीं हें सर्व लिहावयास बसलों ती मात्र डोलीच्या दांड्यापाशीं घडली. गोव्यांतील प्रत्येक चर्चच्या ‘कोंफ्रारिया’ म्हणजे सेवामंडळ्या असतात, आणि पुष्कळ गांवीं त्यांची वांटणी जुन्या जातींवर झालेली आहे. कोणीं कोणत्या रंगाचें खांदेवस्त्र घालावें, मिरवणुकींत कोणीं पुढें चालावें, कोणत्या घराण्यानें कोणता दांडा धरावा, हें ठरलेलें असतें. पांढऱ्या झग्यावर तांबडें वस्त्र घेऊन डोलीचे पुढचे दोन दांडे धरण्याचा मान आमच्या यजमानांच्या घरचा. उजवा थोरल्याचा, डावा धाकट्याचा. आम्ही यांस नांवें ठेवूं शकत नाहीं. कुलदैवताच्या पालखीस पहिला खांदा कोणाचा, यावरून माजलेले तंटे कचेरीच्या पायऱ्या चढलेले आमच्याहि माहितींत आहेत. त्या संध्याकाळीं डोली उचलण्याच्या वेळीं यजमान पुढें झालेच नाहींत. त्यांनीं आपलें तांबडें वस्त्र अगोदरच घडी करून ठेविलें होतें. उजव्या दांड्यापाशीं रेंदेराचा मुलगा उभा होता. तो आगबोटीवर नोकरीस असून रजेवर आला होता. क्षणभर कोणीच हाललें नाहीं. मग धर्मगुरूंनीं खूण केली, आणि डोली उठली. धाकट्या बंधूंनीं डावा दांडा टाकला नाहीं, हें खरें. परंतु साऱ्या वाटेंत त्यांनीं एकदांहि उजवीकडे पाहिलें नाहीं. रात्रीं ते जेवावयास आले नाहींत. त्यांच्या पानावर ताट पालथें घालून मायनें तें झांकून ठेविलें.

सोमवारीं यजमान आम्हांस थोरल्या गोव्यास घेऊन गेले. पणजीहून मडगांवास जातांना वाटेवर लागणारें हें आजचें साधें खेडें म्हणजे कदंबांची राजधानी गोपकपट्टण. उपवासकाळाच्या पांचव्या रविवारानंतरच्या सोमवारीं तेथील सेंट अँड्र्यूच्या चर्चमधून संतांची मिरवणूक निघते. लोक तिला ‘सांतांचें पुरसांव’ म्हणतात. ही परंपरा फ्रान्सिस्कन साधूंची. जवळच्या पिलारच्या टेकडीवर त्यांचा मठ होता. १८३५ सालीं पोर्तुगीज सरकारनें गोव्यांतील सारे मठ बंद केले, साधु गेले, परंतु मिरवणूक पुढें गांवकऱ्यांनीं राखली. ऊन उतरूं लागलें तशी रस्त्याच्या दोहों बाजूंस माणसांची भिंत उभी राहिली. ख्रिस्ती होते तसे हिंदूहि होते. जत्रेंत हातपंख्यांचीं दुकानें लागलीं होतीं, आणि एप्रिलच्या त्या उकाड्यांत त्यांचा खप कां आहे हें विचारण्याची गरज नव्हती. मग एकामागून एक डोल्या येऊं लागल्या. जिवंत माणसाएवढ्या मूर्ती, अंगावर खरीं वस्त्रें, खांदेकऱ्यांच्या चालीबरोबर किंचित् डुलणाऱ्या. गोंगाट असा नाहींच. प्रार्थनेची गुणगुण तेवढी.

ही मिरवणूक संसारी माणसांच्या दृष्टीनें फार लक्षांत घेण्यासारखी आहे. संत फ्रान्सिसनें साधूंचा व साध्वींचा असे दोन पंथ काढले, त्यानंतर १२२१ च्या सुमारास तिसरा काढला, तो गृहस्थांचा. लग्न करा, धंदा करा, मुलें वाढवा, परंतु घरांत राहूनच व्रतस्थ राहा, असा हा तिसरा पंथ; थोरल्या गोव्याची मिरवणूक त्याच पंथाच्या प्रथेंतून आलेली आहे. हंगेरीची राजकन्या एलिझाबेथ ही या पंथाची एक आश्रयदेवता. विसाव्या वर्षीं विधवा झाली, सासरचें वैभव सोडून मारबुर्ग येथें तिनें रुग्णालय काढलें, आणि रोग्यांचीं क्षतें धूत चोविसाव्या वर्षीं १२३१ सालीं वारली. दुसरा फ्रान्सचा राजा नववा लुई. त्याचा सरदार ज्वांव्हील यानें लिहून ठेविलेली एक हकीकत मोठी मार्मिक आहे. पवित्र गुरुवारीं गरिबांचे पाय धुण्याचा राजाचा नेम होता. तुम्हीहि धुतां काय, असें राजानें विचारलें, तेव्हां त्या असल्या लोकांचे पाय मी कदापि धुणार नाहीं, असें ज्वांव्हीलनें साफ सांगितलें. राजानें समजूत घातली, तीहि त्यानें लिहिली आहे. आपला नकार स्वतःच नोंदवून ठेवणारा हा सरदार आम्हांस त्या राजाइतकाच आवडतो.

डोल्या पुढें गेल्यावर एका वडाच्या पारावर आम्ही बसलों. कालचा विषय काढावा कीं नाहीं अशा विचारांत आम्ही असतांना यजमानच बोलूं लागले. “तीस वर्षें दांडा वाहिला. खांद्यावर घट्टा पडतो, तो मी ईस्टरपर्यंत लोकांस दाखवीत असें. यंदा राख लावून घेतांना पुढें रेंदेर होता. मनांत आलें, हा आमच्या माडांवर रोज चढतो, याच्या छातीवरचे घट्टे आजवर कोणीं पाहिले? म्हटलें, आतां पुरो.” आमच्या सौभाग्यवतीनें धाकट्या भावजींविषयीं विचारलें. त्यावर ते पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्याला दोष देऊं नका. बाबांनीं जातांना दोघांनाहि जवळ बोलावून सांगितलें होतें, दांडा एकत्र धरा. मी सोडला, तो माझाच होता असें समजून. त्याला विचारलें नाहीं.” यावर बोलण्यासारखें आमच्यापाशीं कांहींच नव्हतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास हें दुखणें उलगडून सांगावें लागत नाहीं. थोरल्यानें उदार व्हावें आणि त्याची किंमत धाकट्याच्या खात्यांतून वळती व्हावी, असें आपल्या घरांतून कितीदां झालेलें आहे! जो सोडतो त्यास निदान सोडल्याचें समाधान असतें. ज्यास न विचारतां सोडलें जातें, त्याच्या पदरीं काय येतें?

मंगळवारीं धर्मगुरु घरीं येऊन गेले. पवित्र गुरुवारीं संध्याकाळच्या उपासनेंत बारा जणांचे पाय धर्मगुरु स्वतः धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळीं ख्रिस्तानें शिष्यांचे धुतले होते, त्याची ही आठवण. पूर्वीं हे बाराहि पुरुषच असावेत असा नियम होता. पोप फ्रान्सिस यांनीं २०१६ सालीं तो बदलून स्त्रियांसहि जागा दिली. आपल्याकडे धाकटा थोरल्याचे पाय धुतो; तेथें त्या दिवशीं पाट फिरतो, आणि पाय पुढें करणाराच अधिक संकोचतो. यंदाच्या बारांच्या यादींत धर्मगुरूंनीं मासे विकणारी ती बाई घातली होती, रेंदेराचें नांव घातलें होतें, आणि त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर धाकट्या बंधूंचें. धाकटे बंधु बल्कांवावर बसून सर्व ऐकत होते. हो म्हणाले नाहींत, नाहीं म्हणाले नाहींत. उठून मागील दारानें कुळागरांत निघून गेले. सिगारेट ओढावयास गेले असतील असें एका नातवानें म्हणतांच आजीनें त्यास दटावलें. तिचा मुलगा करेज्मांत सिगारेट ओढीत नसे.

बुधवारीं सकाळीं आम्ही निघालों. मायनें निघतांना पुन्हां चहा करून दिला व आपण पाणी प्यायली. मोटारींत बसतांना सहज मागें पाहिलें, तों परसांतील दोरीवर धुतलेला एक पांढरा सदरा वाळत होता. तो धाकट्याचा, असें सूनबाईंनीं हळूच सांगितलें. पवित्र गुरुवारास अजून आठ दिवस होते.